दोरी कोणाच्या हातात?

गेल्या पावसाळ्यात आमच्या कंपनीत एक प्रेझेंटेशन झालं. ऐरोलीतल्या एका इमारतीत कॉल सेंटरचा नवा मजला उभा राहणार होता, आणि तो म्हणे 'कर्मचाऱ्यांच्या भावना केंद्रस्थानी ठेवून' उभा राहणार होता. स्लाइडवर फिकट हिरव्या भिंती होत्या, लाकडाच्या रंगाची टेबलं होती, कुंडीतली झाडं होती. एक 'शांतता कक्ष' होता. एका कोपऱ्याला 'मोकळे व्हा' असं नाव होतं, आणि तिथे दोन बीन बॅग आणि ठोसे मारायची एक लाल पिशवी टांगलेली होती.

या मजल्याच्या सॉफ्टवेअरचा एक तुकडा माझ्याकडे आला. शिफ्टला लॉग-इन करताना पडद्यावर पाच चेहरे येणार, खदखदून हसणाऱ्यापासून रडवेल्यापर्यंत. माणूस त्यातला एक दाबणार. मग टीएलच्या पडद्यावर मजल्याचा नकाशा दिसणार आणि त्यावर प्रत्येक खुर्ची हिरवी, पिवळी किंवा लाल होणार. मी ते लिहिलं. चांगलं लिहिलं. पुनरावलोकनात माझं कौतुक झालं.

मी रामवाडीला राहतो. पेणचं रामवाडी, मुंबई-गोवा रस्त्यावरचं, एसटीच्या डेपोमुळे लोकांना माहीत असलेलं. माझे बाबा एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. त्या रात्री जेवताना मी त्यांना मजल्याचं कौतुक सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या पोरांना फोन ठेवता येतो का?"

"म्हणजे?"

"म्हणजे समोरचा आईबहिणीवरून बोलायला लागला, तर फोन ठेवता येतो का?"

मी सांगितलं की तसा थेट ठेवता येत नाही. आधी समज द्यायची, मग पुन्हा समज द्यायची, मग टीएलला विचारायचं. तोपर्यंत ऐकायचं.

"मग भिंतीला कुठलाही रंग लावा," बाबा म्हणाले आणि ताक प्यायले.

हा लेख त्या एका वाक्यावर आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: कॉल सेंटरमध्ये माणसाच्या भावना भिंती, खुर्च्या आणि झाडं ठरवत नाहीत. त्या रांग ठरवते, घड्याळ ठरवतं, आणि थांबण्याचा अधिकार कोणाकडे आहे यावर ठरतात. या तिन्हींना हात न लावता जो कोणी 'भावनाकेंद्री' जागा बांधतो, तो माणसाच्या भावनांची काळजी घेत नसतो. त्या भावना कामाच्या आड येऊ नयेत याची काळजी घेत असतो. आणि असली जागा बांधणाऱ्यांत मीही एक आहे, म्हणून हे मला बोलायलाच हवं.

जागा म्हणजे नक्की काय?

माझी एक आतेबहीण पेणमध्येच राहते. वयाने मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणतो. ती विम्याच्या दाव्यांची चौकशी घेणाऱ्या एका मराठी-हिंदी प्रोसेसवर आहे. तिची कंपनी वेगळी, माझी वेगळी. पण तिच्या पडद्यावर जे चालतं ते मला तिच्याइतकंच पाठ आहे, कारण तसंच काहीतरी मी रोज लिहितो.

एका फोनला सरासरी किती मिनिटं लागतात, त्याचा आकडा. फोन संपल्यावर नोंद पूर्ण करायला मिळणारे सेकंद. ते सेकंद संपले की हेडसेटमध्ये एक 'बीप' होते आणि पुढचा माणूस बोलायला लागलेला असतो. उचलायचा की नाही हा प्रश्नच नाही, फोन आपोआप उचलला जातो. उठायचं असेल तर आधी पडद्यावर कारणाचा कोड निवडायचा: चहा, जेवण, ट्रेनिंग, टॉयलेट. प्रत्येक कोडची मिनिटं मोजली जातात. दिवसअखेरीस ठरलेल्या वेळापत्रकाशी तुम्ही किती टक्के जुळलात, त्याचा आकडा येतो.

ही खरी कामाची जागा. खुर्ची, टेबल, भिंत या तिच्या बाहेरच्या वस्तू आहेत. ताई दिवसभर ज्या जागेत राहते तिची लांबी-रुंदी सेकंदांत मोजतात.

तिने मला एका फोनबद्दल सांगितलं होतं. एका बाईचा नवरा गेला होता. विम्याचे कागद कुठे पाठवायचे हे विचारायला तिने फोन केला, आणि नाव सांगता सांगता तिला रडू फुटलं. ताईने स्क्रिप्टमधलं वाक्य म्हटलं, मग स्क्रिप्टबाहेरची दोन वाक्यं म्हटली, कागदांची यादी सावकाश दोनदा सांगितली. फोन संपला. पुढच्या बीपला एक माणूस होता आणि त्याच्या पत्त्यातला पिनकोड चुकला होता, आणि त्यावरून तो ओरडत होता.

"मला फक्त चार मिनिटं हवी होती रे," ताई म्हणाली. "पाणी प्यायला. त्यासाठी कोडच नाही. मी टॉयलेटचा कोड टाकला आणि जिन्यात जाऊन उभी राहिले."

माझे पाच चेहरे मी तिला दाखवले तेव्हा ती हसली. म्हणाली, "मी रोज दोन नंबरचा दाबेन. हसरा, पण फार नाही."

"का?"

"उदास दाबला तर टीएल येणार, बाजूला बसवून बोलणार. ती दहा मिनिटं कोणाच्या ब्रेकमधून जाणार?"

आमच्याकडे मजला सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात बहुतेक चेहरे दोन नंबरचे आले. प्रेझेंटेशनमध्ये ते यश म्हणून दाखवलं गेलं.

रंगाची गोष्ट

भिंतीच्या रंगाने माणूस शांत होतो, ही समजूत कुठे कुठे फिरून आली आहे तेही पाहू. १९७९ साली अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये नौदलाच्या एका तुरुंगातली कोठडी गुलाबी रंगवली गेली. त्या रंगात कैदी कमी आक्रमक होतात असा दावा होता. तुरुंगातल्या दोन अधिकाऱ्यांच्या नावावरून त्या छटेला 'बेकर-मिलर गुलाबी' म्हणू लागले आणि ती इतर तुरुंगांतही पसरली. नंतरच्या काटेकोर प्रयोगांत तो परिणाम टिकला नाही. पण मला त्या दाव्याच्या खऱ्या-खोट्यापेक्षा त्याची जागा महत्त्वाची वाटते. रंगाने मन शांत करण्याची गरज तिथे भासली, जिथून माणसाला उठून जाता येत नव्हतं. ज्याला दार उघडून बाहेर पडता येतं, त्याला शांत करण्यासाठी भिंत रंगवावी लागत नाही.

ऑफिसच्या मांडणीचा इतिहासही असाच आहे. रॉबर्ट प्रॉप्स्ट या माणसाने हर्मन मिलर कंपनीसाठी १९६० च्या दशकात 'ॲक्शन ऑफिस' नावाची रचना केली. काम करणाऱ्याला उठता-बसता यावं, आपली जागा आपल्याला बदलता यावी, असा तिचा हेतू होता. कंपन्यांनी त्यातले पडदे घेतले आणि स्वातंत्र्य सोडून दिलं. त्यातून खुराड्यांसारखी क्युबिकल्स जन्मली, आणि प्रॉप्स्टने पुढे स्वतःच त्या प्रकाराला वेडेपणा म्हटलं. वस्तू विकत घेता येते. तिच्यामागचा हेतू मालकाला महाग पडत असेल तर तो दुकानातच राहतो. आमच्या मजल्यावरच्या बीन बॅगचंही तेच झालं. बीन बॅग आली, तिच्यावर बसायची वेळ आली नाही.

आणि ज्याला आपण 'भावना' म्हणतो, ते या धंद्यात मुळात कामच आहे. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली 'द मॅनेज्ड हार्ट' या पुस्तकात 'भावनिक श्रम' ही कल्पना मांडली. त्यांनी विमानातल्या हवाईसुंदऱ्यांचा आणि थकबाकी वसूल करणाऱ्यांचा अभ्यास केला. एकीला पगार मिळतो तो हसण्याचा, दुसऱ्याला दरडावण्याचा. दोघांच्याही बाबतीत मनाची एक हालचाल कंपनीच्या मालकीची झालेली असते. आपल्याकडच्या कॉल सेंटरांत या दोन्ही जाती एकाच इमारतीत सापडतात, तिसऱ्या मजल्यावर सेवा आणि चौथ्यावर वसुली. म्हणजे ताई शिफ्टभर जे विकते ती तिची आपुलकी आहे. खाणीत राबणाऱ्याच्या पाठीची काळजी घ्यायची तर आधी ओझं कमी करतात. इथे ओझं तेवढंच ठेवून पाठीवर हिरवा रंग लावायचा बेत आहे.

भारतात हे कोणी आधी सांगितलं नाही असंही नाही. नोएडाच्या व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेतले बाबू रमेश यांनी २००४ सालीच 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये बीपीओतल्या कामगारांवर लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातच 'सायबर कुली' हा शब्द होता. चकचकीत इमारत आणि तरुण चेहरे यांच्या आड देखरेख किती कडक आहे, हे त्यात मांडलं होतं. उद्योगाला तो शब्द झोंबला. मग उद्योगाने शब्द बदलले. आता कुली नाही, 'असोसिएट'.

चौदावा माणूस

मी इंजिनीअर आहे, तेव्हा भावना बाजूला ठेवून थोडं गणित करतो.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत ॲग्नर क्रॅरप एरलँग नावाचा गणिती होता. फोन किती येतील, एकेक किती वेळ चालेल आणि उचलणारे किती आहेत, यावरून किती जणांना थांबावं लागेल याची सूत्रं त्याने १९०९ ते १९१७ या काळात मांडली. आज कॉल सेंटरमध्ये किती माणसं बसवायची हे त्याच सूत्रांच्या वंशजांवर ठरतं. धंद्यात एक रूढ लक्ष्य आहे: ८० टक्के फोन २० सेकंदांच्या आत उचलले गेले पाहिजेत.

समजा अर्ध्या तासात १०० फोन येतात आणि प्रत्येक फोन ३ मिनिटांचा आहे. सूत्रात आकडे घाला. (या सूत्रात कोणी कंटाळून मध्येच फोन ठेवत नाही असं धरलेलं असतं, ते इथेही धरू.)

१४ माणसं बसवली तर सुमारे ८९ टक्के फोन वेळेत उचलले जातात. प्रत्येक माणूस आपल्या वेळेच्या ७१ टक्के वेळ फोनवर असतो. म्हणजे अर्ध्या तासात साडेआठ मिनिटं त्याची असतात.

१३ बसवली तर जवळपास ८० टक्के फोन वेळेत. हातात उरतात सात मिनिटांच्या आतबाहेर.

१२ बसवली तर ६४ टक्के. उरतात पाच मिनिटं.

११ बसवली तर ३९ टक्के. उरतात पावणेतीन मिनिटं, तीही एकेका फोनमागे अठरा सेकंदांच्या तुकड्यांत.

लक्ष्य ८० टक्क्यांचं आहे, म्हणून व्यवस्थापक १३ माणसं बसवतो. चौदावा माणूस कागदावर 'जादा' ठरतो. मग एका सोमवारी दोघं आजारी पडतात आणि तेराचे अकरा होतात. त्या दिवशी ग्राहक ताटकळत असतो, म्हणून आधीच चिडून बोलतो. बोलणारा दमलेला असतो, म्हणून चुकतो. चूक झाली की तोच ग्राहक पुन्हा फोन करतो, आणि १०० चे ११० होतात. पुढच्या आठवड्यात आणखी एक जण आजारी पडतो, महिनाअखेर एक जण नोकरी सोडतो. मग एचआर म्हणतं की फ्लोअरवर 'निगेटिव्हिटी' फार आहे, काहीतरी करायला हवं. आणि मग हिरव्या भिंतींचं टेंडर निघतं.

मला विचाराल तर चौदावा माणूस हाच शांतता कक्ष आहे. ताईला हवी असलेली चार मिनिटं त्याच्याकडे आहेत. तो कोणत्याच आर्किटेक्टच्या आराखड्यात दिसत नाही, कारण तो पगाराच्या रकान्यात आहे. भिंतीचा खर्च एकदाच होतो आणि तिचा फोटो निघतो; चौदाव्याचा दर महिन्याला होतो आणि फोटो निघत नाही.

इथे कोणी म्हणेल, मेहनत कुठल्या कामात नसते? बरोबर आहे. आमच्या पेणमध्ये गणपतीच्या आधीचे दोन-तीन महिने कारखान्यांत दिवसरात्र काम चालतं. डोळे आखणारा कारागीर तर सगळ्यांना हवा असतो. घाई त्यालाही आहे, जागरण त्यालाही आहे. पण हात थरथरतोय असं वाटलं की तो ब्रश खाली ठेवतो, बाहेर जाऊन चहा पिऊन येतो, आणि कोणी त्याला कोड विचारत नाही. सगळ्यांना माहीत असतं की थरथरत्या हाताने आखलेला डोळा मूर्ती वाया घालवतो. रॉबर्ट करासेक या संशोधकाने १९७९ साली हेच मांडलं: माणसाला नुसतं जास्त काम मोडत नाही, जास्त काम आणि त्यावर स्वतःचा ताबा नसणं, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की मोडतं. कारखान्यातल्या बाकावर हा ताबा आहे. एसी मजल्यावर नाही.

मोजणं म्हणजे काळजी घेणं नव्हे

आता माझ्या स्वतःच्या पापाकडे येतो. पाच चेहऱ्यांच्या पुढची पायरी आमच्या टीमसमोर आली आहे: चेहरा दाबायला सांगायचाच नाही, आवाजावरून मन ओळखायचं. आवाजाची पट्टी, वेग, मधली शांतता यांवरून यंत्र सांगणार की हा माणूस आता वैतागला आहे. हेतू विचारला तर उत्तर तयार असतं: वेळीच मदत करता यावी म्हणून.

मदतीसाठी माहिती घेणं आणि माहिती असल्यामुळे मदत करणं यांत मोठी दरी आहे. आणि त्या दरीत ॲप्रेझल बसलेलं असतं. वैतागाचा आकडा एकदा नोंदला गेला की तो कोणत्या कामासाठी वापरायचा हे नोंदणाऱ्याच्या हातात असतं, वैतागणाऱ्याच्या नाही. युरोपीय संघाने हे ओळखलं. त्यांच्या एआय कायद्यानुसार २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी माणसांच्या भावना ओळखणाऱ्या यंत्रणा वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडल्यास वापरता येत नाहीत. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मात्र नोकरीच्या कारणासाठी माणसाच्या संमतीशिवायही त्याची माहिती वापरण्याची वाट ठेवलेली आहे. म्हणजे जे मी पॅरिसमधल्या मजल्यासाठी लिहिलं तर बेकायदा ठरेल, ते ऐरोलीसाठी लिहिलं तर मला बढती मिळू शकते.

दुसरं टोकही आहे. जपानच्या सॉफ्टबँक कंपनीने २०२४ साली जाहीर केलं की ती एक तंत्रज्ञान तयार करते आहे, ज्यात ओरडणाऱ्या ग्राहकाचा आवाज कामगाराच्या कानात पोचण्याआधी मवाळ केला जाईल. शब्द तेच, आवाजातली धार गेलेली. ऐकून मला आधी बरं वाटलं. निदान इथे यंत्र कामगारावर नजर ठेवत नाही, त्याच्या बाजूने उभं राहतं. पण मग लक्षात आलं की शिवी गाळून कानात ओतायची सोय झाली. शिवी ऐकत बसण्याची सक्ती तशीच राहिली.

पनवेलपर्यंत

कामाची जागा इमारतीच्या दारात संपते हाही या आराखड्यांचा एक भ्रम आहे. ताईची शिफ्ट कधी कधी रात्री उशिरा संपते. कंपनीची कॅब तिला पनवेलपर्यंत सोडते. पेण 'हद्दीबाहेर' आहे. पुढचे तीसेक किलोमीटर तिचे. पनवेलच्या एसटी स्टँडवर ती पहाटेच्या पहिल्या गाडीची वाट पाहते. पळस्पे ते इंदापूर हा महामार्गाचा टप्पा २०११ पासून रुंद होतोय, त्यावरून ती घरी येते आणि आत्या उठायच्या वेळेला झोपते.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रियांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती लागते, आणि त्यांना घराच्या दारापर्यंत पोचवण्याची जबाबदारी मालकाची आहे. ताईच्या संमतीपत्रात 'पनवेलपर्यंत' असं लिहून घेतलं होतं. सही करताना तिने ते वाचलं होतं. नोकरी हवी होती.

ही तक्रार गैरसोयीपुरती नाही. १ नोव्हेंबर २००७ च्या रात्री पुण्यात एका बीपीओत कामाला निघालेल्या बावीस वर्षांच्या मुलीवर, तिला न्यायला आलेल्या कंत्राटी कॅबच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार करून तिचा खून केला. दोघांना फाशीची शिक्षा झाली. अंमलबजावणीला झालेल्या विलंबामुळे २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती ३५ वर्षांच्या कैदेत बदलली. त्या घटनेनंतर कॅबमध्ये सुरक्षारक्षक, पहिली पिकअप आणि शेवटची ड्रॉप बाईची नसावी, असे नियम आले. ते नियम कोणत्याही रंगसंगतीपेक्षा जास्त 'भावनाकेंद्री' आहेत, कारण त्यांनी भीतीच्या कारणाला हात घातला. आणि म्हणूनच कॅब जिथे थांबते तिथे काळजीही थांबते, याचा राग येतो. शांतता कक्षाला जेवढा खर्च आला, त्यात पेणची कॅब किती वर्षं चालली असती, हा हिशोब मी मीटिंगमध्ये मागितला होता. तो 'वेगळ्या बजेटमध्ये' येतो असं उत्तर मिळालं.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप: मग जागा कशीही असली तरी चालेल का? अजिबात नाही. हेडसेट चांगला हवा, छताला आवाज शोषणारं काहीतरी हवं, खुर्ची पाठीला साथ देणारी हवी, उजेड डोळ्यांत घुसणारा नको, टॉयलेट जवळ आणि स्वच्छ हवं. पण याला भावनाकेंद्री रचना म्हणू नका. गिरणीतल्या पंख्याला कोणी 'वेलबीइंग' म्हणत नव्हतं. या कामाच्या किमान अटी आहेत आणि त्या उपकार म्हणून दाखवण्यात फसवणूक आहे.

दुसरा आक्षेप: ग्राहकाचं काय? तोही पिडलेलाच असतो. त्याला दहा आकडे दाबायला लावून, गाणी ऐकवून ताटकळत ठेवलेलं असतं. फोन ठेवायचा अधिकार दिला तर अडलेल्या म्हाताऱ्याचाही फोन कोणी कंटाळून ठेवेल. ही भीती मला खरी वाटते. म्हणूनच अधिकाराला नियम हवा. दक्षिण कोरियाने ऑक्टोबर २०१८ पासून कायद्यानेच सांगितलं की ग्राहकाच्या शिवीगाळीपासून कामगाराचं रक्षण करणं, गरज पडल्यास त्याचं काम थांबवून त्याला विश्रांती देणं, ही मालकाची जबाबदारी आहे. टोकियोत एप्रिल २०२५ पासून ग्राहकांकडून होणाऱ्या छळाविरुद्ध अध्यादेश लागू आहे. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितलं की वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत. उत्तम नियम आहे. म्हणजे फोन घेणाऱ्याच्या मनःशांतीसाठी आपण रेषा आखू शकतो. फोन करणाऱ्याच्या आणि उचलणाऱ्याच्या मनःशांतीसाठी आखता येत नाही, असं कसं?

तिसरा आक्षेप माझ्या वयाचे लोक करतात: कशाला डोकं खपवतोस, पाच वर्षांत हे सगळं काम यंत्रंच करतील. करतीलही. पण यंत्रं आधी सोपे फोन घेतील: शिल्लक किती, पत्ता कसा बदलायचा. माणसासाठी उरतील ते रडणारे आणि ओरडणारे. पिनकोडवाला यंत्राकडे जाईल, पण नवरा गेलेल्या बाईमागून लगेच मुलगा गेलेला बाप येईल, आणि मध्ये तेच अठरा सेकंद असतील. तेव्हा हा प्रश्न मिटत नाही, दाट होतो.

डबल बेल

बाबांच्या काळच्या गाड्यांत छताखालून एक दोरी गेलेली असायची. एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की सुटते. बाबांना शिव्या कमी मिळाल्या असतील असं मला वाटत नाही. सुट्ट्या पैशांवरून, खिडकीवरून, न थांबणाऱ्या थांब्यांवरून, सगळ्यावरून भांडणं व्हायची. भिंतीचा रंग तर लाल आणि पिवळा, त्याने कोणी शांत झाल्याचं ऐकिवात नाही.

"राग यायचा ना?" मी विचारलं.

"यायचा. एक बेल द्यायची, गाडी बाजूला. म्हणायचं, काका, आधी भांडू, मग जाऊ. मग बाकीचे प्रवासीच त्याला गप्प करायचे."

"रोज?"

"वर्षातून दोनदा असेल. दोरी ओढावी लागत नाही रे. ती आहे हे सगळ्यांना दिसतं, तेवढं पुरतं."

माझ्या मागण्या त्या दोरीएवढ्याच आहेत. तेराव्यापाशी न थांबता चौदावा माणूस. कारण न विचारता मिळणारी चार मिनिटं, जी कोणाच्याही ब्रेकमधून जाणार नाहीत. एकदा समज दिल्यावर, कोणालाही न विचारता शिवीगाळ करणाऱ्याचा फोन ठेवण्याचा अधिकार, आणि त्याचा आकडा ॲप्रेझलमध्ये न जाणं. कामगाराच्या आवाजावरून मन मोजण्यावर बंदी. आणि कॅब घराच्या दारापर्यंत. एवढं झालं की भिंत हवी त्या रंगाची करा. मी स्वतः ब्रश घेऊन येईन.

गेल्या महिन्यात मी आमच्या सिस्टिममध्ये एका नव्या बटणाचा प्रस्ताव टाकला. नाव साधं आहे, 'थांबा'. दाबलं की चार मिनिटं पुढचा फोन येत नाही, कारणाचा कोड विचारला जात नाही, टीएलच्या नकाशावर खुर्चीचा रंग बदलत नाही. कोड लिहायला मला दोन दिवस पुरले. टीएलने त्यावर शेरा मारला: 'चांगली कल्पना, पण ऑक्युपन्सीवर परिणाम होईल.' खरं आहे. परिणाम व्हावा म्हणूनच लिहिलंय.

ते तिकीट अजून कोणी बंद केलेलं नाही. मी रोज सकाळी ऑफिसात गेल्यावर पहिल्यांदा तेच उघडून पाहतो.